सुलेमानी

सुलेमानी म्हणजे बिनदुधाचा चहा,
एवढंच ठाऊक होतं आम्हाला
अकोटच्या अलीकडच्या टपरीत.
मुंगीलाल कास्देकर म्हणाला, 'शहर हाय ते, गुरुजी.
म्या चार वर्सं सळया बांधल्या तिथं.'

मग बाकड्यावर त्यानं उपडे घातले ग्लास.
हा गोयजा. हा त्याच्या पाठीचा अझमर.
अन् तो लांबचा, थोराड, पिरामगरून,
फागुन सरला तरी डोईवरचं बर्फ न उतरवणारा.
चौथा नुसताच ठेवला, जरा अलीकडे.
मधल्या ओलीवर चिमूटभर साखर सांडली:
'हे शहर.'

मी सातवीला भूगोल शिकवतो.
समुद्रसपाटीपासूनची उंची विचारली.
'ते नाई मालूम. पन पहाटे सळई
हाताले चावे, इतकी गार.'
इतिहास विचारला.
'कोन्या सरदारानं वसवलं, दोन-अडीचशे वर्सांमागं.
शायर लय झाले म्हनतात.
अन् एक लाल इमारत हाय, गोळ्यांनी चाळणी झालेली.
मानसं कोंडत तिथं. आता शाळेची पोरं पाह्यला जातात.'

एका रात्री डोंगरावर जाळ पेटला,
मग दुसरा, मग खालून वर वळणावळणानं मशाली.
नवं वर्ष होतं त्यांचं.
मुंगीलालला वाटलं, होळी.
सिपनेच्या काठची, आपली,
जिथं आता सांबरं येतात
आणि सागाच्या बुंध्याला कॅमेरा बांधलेला असतो.

शेजारी हमा उभा होता, भट्टीवर रोट्या लावणारा.
त्याचं खेडं डोंगरातलं. पाडलं.
झरासुद्धा सिमेंट ओतून बुजवला.
माणसं आणून टाकली सपाटीवर,
डांबरी रस्त्याच्या कडेला.
'बोली मले अर्धीच समजे.
पन त्यानं हातानं रांगा दाखवल्या ना घराच्या,
तवा पुरं समजलं.'

आमच्या वस्तीतही रांगाच आहेत.
घर क्रमांक एक ते एकशे बारा.
नळ एक दिवसाआड.
म्हातारे अजून बाज उत्तरेकडे तोंड करून टाकतात.

'हे बरोबर नाही, मुंगीलाल,' मी म्हणालो,
'आपल्यावर कोणी विमानं नाही आणली.
सह्या घेतल्या. पैसे दिले.'
'व्हय,' तो म्हणाला. 'सही म्याच केली.'

एसटी आली. गिऱ्हाईक वाढलं.
टपरीवाल्या शेषरावनं अझमर उचलला विसळायला,
मग गोयजा.
पिरामगरून कंडक्टरच्या चहाला गेला.
साखरेला मुंग्या लागल्या होत्या.

चौथा ग्लास मात्र मुंगीलालनं सोडला नाही.
'याचं नाव कोरकूत हाय, गुरुजी.
तुमच्या नकाशात
निराळंच लिवलंय.'