गाळा नंबर चार

चार वर्षांत या एकाच शटरसाठी
सहा बोर्ड छापलेत मी.
आधी झेरॉक्स, मग मोबाइलची कव्हरं,
मग पोळी-भाजी केंद्र,
मग केक, मग पुन्हा केकच, दुसऱ्या नावानं,
आणि शेवटी एक जिम,
ज्यात डंबेल दोन
आणि आरसा मात्र भिंतभर.
गाळा पोकळ्यांचा.
आडनावाला जागलाय, म्हणतो शेजारचा फिरोज.
पोकळेकाका हसत नाहीत.

माझं दुकान समोरच. फ्लेक्स, विनाइल, रबरी शिक्के.
धायरीच्या या वळणावर
दुपारीही उघडं असणारं एवढंच,
म्हणून लोक मलाच विचारतात:
कुकरचं हँडल बसवून मिळेल?
छत्रीची काडी?
बॅगेची अख्खी चेन नकोय हो, फक्त रनर.
मी म्हणतो, रविवार पेठेत बघा.
ते म्हणतात, एका रनरसाठी रविवार पेठ?
रिक्षाचे दोनशे, रनरचे दहा.
आणि तरी उभेच राहतात जरा वेळ,
जणू मीच तो कुठंतरी दडवून ठेवलाय.

मग मी लिहायला लागलो.
'हार्दिक'ची वेलांटी दीर्घ पडली म्हणून
गोगटेसरांनी परत केलेला एक फ्लेक्स होता,
त्याच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर, मार्करनं.
चष्म्याचा स्क्रू.
विळीला धार.
व्हीलचेअरच्या चाकात हवा.
परकराची नाडी, मीटरवर.
बँकेचं पत्र वाचून सांगणारं कुणीतरी,
ओरडून नाही, हळू आवाजात.
पाव किलो भाजणी दळून देणारी गिरणी,
कारण आपला गिरणीवाला दोन किलोच्या खाली हात लावत नाही
आणि कालिंदीताई आता एकट्याच जेवतात.

गहिनीनाथ पार्सलं पोचवतो, आष्टीकडचा पोरगा.
एकदा पाणी मागायला आला,
बाटली भरता भरता म्हणाला,
दादा, इकडं नुसतं बसायला कुठं हाय का?
काही विकत न घेता?
तेही लिहिलं.
पण या दुकानाच्या बोर्डावर काय छापायचं
ते मला अजून सुचलेलं नाही.

मार्चमध्ये रेणुका ढमाले आली.
गाळा घेतलाय म्हणाली, बोर्ड हवाय, दहा बाय तीन.
मी विचारलंसुद्धा नाही कसला.
आधी तो फ्लेक्सच उलगडला तिच्यापुढं, जमिनीवर,
चार कोपऱ्यांवर चार शिक्के ठेवून.
तिनं चप्पल काढली,
उकिडवी बसून एकेक ओळ बोटानं वाचली.
भाजणीपाशी थांबली.
मग म्हणाली, सगळं खरंय दादा,
पण यातून महिन्याचे अठरा हजार निघतील?
मी मनातल्या मनात मांडत गेलो.
रनर दहा. स्क्रू पाच. काडी वीस.
बसण्याचे किती लावायचे?

मेडिकल आहे म्हणाली.
या रस्त्यावरचं पाचवं.
तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडलीय,
डी. फार्म. तिचंच, लग्नाआधीचं,
कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बारा वर्षं जपलेले.
मी हिरवा क्रॉस छापला,
दहा टक्के सूट छापली,
तिचं नाव जरा मोठं केलं, त्याचे पैसे लावले नाहीत.

आता जूनअखेर आहे.
शटर रोज नऊला वर जातं.
बीपी मोजायला ठेवलेल्या स्टुलावर
दुपारी गहिनीनाथ दिसतो,
हेल्मेट मांडीवर, डोळे मिटलेले,
आणि ती त्याला उठवत नाही,
बीपीवाली बाई आली तरच उठवते.
चष्म्याचा स्क्रूही बसवून देते म्हणे,
इंजेक्शनच्या सुईच्या टोकानं. मी पाहिलेलं नाही.

माझा फ्लेक्स फिरोजनं मागून नेला,
त्याच्या भाजीच्या गाडीवर बांधायला.
लिहिलेली बाजू आत गेली.
कोथिंबीर घ्यायला वाकलं
की डोक्यावर वाचता येते, जरा पुसट:
पाव किलो भाजणी.
परवा कालिंदीताई वाकल्या होत्या.
वर बघितलं नाही त्यांनी.
जुडी निवडत म्हणाल्या,
अर्धीच दे रे.