पन्नास हर्ट्झ

भंगारात निघालेलं ईसीजी मशीन
उपाध्ये सरांनी चौदाशेला उचललं
आणि मला निरोप धाडला,
कारण त्याची उजव्या पायाची काळी वायर
कधी दगा देते
हे अख्ख्या मिरजेत मला एकटीलाच ठाऊक.

तेवीस वर्षं मी छात्यांवर रबरी फुगे चिकटवले.
माणसं विचारायची, बाई, काय दिसतंय?
मी म्हणायची, डॉक्टर सांगतील.

मंगळवारी, शुक्रवारी, रात्री नऊनंतर
तंबोरेवाल्यांच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर.
बाहेर गच्चीवर दस्तगीरचे भोपळे वाळत असायचे
आणि आत पायगोंडा मास्तर
बनियन काढून चटईवर बसायचे, ताठ,
चाळीस वर्षं ड्रॉइंग शिकवलेला माणूस
स्वतःच्या पाठीचा कागद करून.

सरांनी खडूनं सात ठिकाणं आखली.
मूलाधाराला मास्तर लाजले.
मी भिंतीकडं तोंड केलं, सरांनीच तिथलं चिकटवलं.
टाळूवर केस आडवे आले, तर मास्तर दुसऱ्या खेपेला
तेवढाच गोल भादरून आले.
जेली संपली तेव्हा कोरफडीत मीठ कालवलं.

दोन महिने काही नाही.
म्हणजे हृदय होतंच, सगळीकडं तेच,
मणक्यात तेच, कपाळावर तेच, थोडं बारीक,
शेजारच्या घरातलं भांडण
भिंतीतून ऐकू यावं तसं.
बाकी श्वास, घाम, मास्तरांची ढेकर.
सर सगळं वहीत लिहायचे. ढेकरसुद्धा. वेळेसकट.

मग त्या शुक्रवारी
अनाहताला सुई थरथरली.
एकसारखे, बारीक, दाट दात,
नवा कंगवा असावा तसे.
मास्तर डोळे मिटून म्हणाले,
हितं ऊब आलीया. कुणीतरी तळवा ठेवल्यागत.
सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.
न छेडता उठणारा तो नाद, असं काहीसं पुटपुटले
आणि भिंग घेऊन दात मोजायला बसले.
सेकंदाला पन्नास.

मला पहिल्याच दाताला कळलं होतं.
चिमटा ढिला होता.
भिंतीतली वीज होती ती,
सगळ्या मिरजेच्या पंख्यांत फिरते तीच.
मी बोलले नाही.

वहिनींची शेवटची पट्टी मीच काढली होती,
वॉर्ड चार, पहाटे. सरळ रेघ.
सर तेव्हा मला म्हणाले होते,
बाई, एकदा वायर बघता का?
हात गरम आहे हो अजून.
मी बघितली होती. सगळ्या वायरी. दोनदा.

नऊ चाळीसला लाईट गेली.
खाली दस्तगीरचं घासायचं यंत्र थांबलं.
आमचं बॅटरीवर चालत राहिलं
आणि कागदावरचा कंगवा
कुणी उपसून घेतल्यासारखा गेला.
उरल्या टेकड्या, हृदयाच्या, संथ.
अंधारात सरांचा आवाज नाही.
खाली कुणीतरी तारेखाली दोरा सरकवत
एकच स्वर उघडत होतं, मिटत होतं.

मास्तरांना यातलं काही माहीत नव्हतं.
ते तसेच ताठ, डोळे मिटून.
म्हणाले, हाय की अजून.

सरांनी मोबाईलच्या उजेडात
आधीची ओळ खोडली, एका रेघेनं, पट्टी लावून,
खालचं वाचता यावं अशी.
तिच्याखाली लिहिलं:
९.४०. वीजपुरवठा खंडित. उपकरण शांत.
ऊब कायम असल्याचे व्यक्तीचे म्हणणे.
आणि त्या 'म्हणणे'वर बराच वेळ पेन टेकवून राहिले.

मी काळी वायर गुंडाळून पिशवीत घातली.
मंगळवारी नवी लावीन.
साडेतीनशेला मिळते, सांगलीत, स्टँडमागं.