जाडी

काउपो अंधारातच निघतो बर्फ मोजायला.
ते त्याचं कामच: पेइप्सी तळ्यावर
दर दोनशे पावलांवर गिरमिटानं भोक पाडायचं,
आत पट्टी सोडायची, आकडा वहीत लिहायचा.
पुरेसा जाड झाल्याशिवाय
बेटाकडचा गाडीरस्ता उघडत नाही.
दुकानात, टपालात, सगळे त्याला एकच विचारतात:
धरला का?

मी तार्तूची बस पकडते.
डॉक्टर सिर्ये दिवा मालवते.
पडद्यावर तीन करड्या रेघा,
दोन टोकांना ती दोन खुणा करते.
सहा पूर्णांक एक.
सात तरी हवेत. आठ असले तर बरं.
मीही लिहून घेते. माझी वही त्याच्याच वहीची जोडीदार,
एकाच दुकानातली.

पोटावर चार चिकटपट्ट्या.
काढल्या की गोंदाचे चौकोन राहतात,
घासूनही न जाणारे.
गोळ्या आठ-आठ तासांनी. लोकरी मोजे झोपतानाही.
कॉलक्याची फेओक्तीस्ता कांद्याची वेणी देऊन गेली,
काही न विचारता म्हणाली,
गार मातीत कांदा धरत नाही, पोरी.
हाताला कोमट लागेपर्यंत थांब.

नोव्हेंबरात आम्ही थांबलो नव्हतो.
तो नऊ दिवस होता.
किंवा नव्हताच. कोण सांगणार?
उरलेले दोघे नळीत, नायट्रोजनमध्ये,
कुठल्याही तळ्याहून गार.

काउपोला थंडी वाढायला हवी, मला ऊब.
एका पांघरुणाखाली आम्ही दोघं
आपापलं हवामान मागत पडून राहतो.
एकदा तो झोपेतच बोलला, "चौदा."
मी विचारलं नाही, कशाचे.

सहा पूर्णांक चार.
सहा पूर्णांक नऊ.
मग चार दिवस सुट्टीचे, दवाखाना बंद,
नि मी स्वयंपाकघरात उभी,
आपल्याच आत कान लावून,
जाडी ऐकू येत असल्यासारखी.

सात पूर्णांक आठ.

बर्फरस्त्याचा नियम इथे पोराटोरांनाही पाठ:
गाडीत पट्टा लावायचा नाही, बुडालात तर सुटता यावं म्हणून.
आणि वाटेत थांबायचं नाही.
थांबलं की सगळा भार एका जागी येतो.

डॉक्टर म्हणाली, बघा, तो ठिपका.
बारीक नळीच्या टोकाशी एक उजेड,
सोडला आणि तिथेच राहिला.
मी मनात म्हटलं, थांब.
इथे थांबायचं असतं.
आण सगळा भार एका जागी.

बाहेर काउपो उभा, कामावरून तसाच आलेला,
मागच्या सीटवर ओलं गिरमिट.
रस्ता डांबरी होता, खाली पाणी नव्हतं.
मी पट्टा ओढला,
आणि खालचा पदर
पोटाच्याही खाली सरकवून
लावला.
त्यानं पाहिलं. गिअर टाकला.
घरापर्यंत चाळीसच्या वर गेला नाही.