घटपर्णीला नळाचं पाणी घालू नये

रुमैथियातल्या एका व्हिलात कॉम्प्रेसर बदलायला गेलो
तेव्हा ती कचऱ्याच्या पिशवीतून अर्धी बाहेर होती.
मेलीय, मॅडम म्हणाली.
मागे ओट्याशी रोवेना मान हलवत होती, नाही म्हणून.
जाताना तिनेच ती माझ्या टूलबॅगेत ठेवली,
पक्कड-पान्यांच्या वर, ओल्या फडक्यात.

खैतानची आमची खोली. चौघांत एक खिडकी,
तीही अर्धी एसीने खाल्लेली.
मी आपल्या रीतीने केलं सगळं:
मोठी कुंडी, शुक्रवारच्या बाजारातलं काळं खत,
आणि नळाचं पाणी, पोटभर.
आठ दिवसांत सुरयांच्या कडा करपल्या.

रोवेना फोनवर हळू बोलते, मॅडम झोपल्यावर.
मातीत काही नको, म्हणाली. काही म्हणजे काहीच नको.
तिच्या डोंगरावर म्हणे ही अशाच जागी येते
जिथे दुसरं कोणी यायला राजी नसतं.
मला देवरुखकडचा सडा आठवला,
जांभ्यावरचं बोटभर पाणी, आणि त्यात लाल, चिकट दवबिंदू,
अंगभर चिलटं घेऊन उभे.
गुरं तिकडे तोंडही लावत नसत.

पुन्हा उपटली. मुळं काळी, केसांसारखी,
भीती वाटावी इतकी थोडी.
काथ्या सात पाण्यांनी धुतला, मीठ जाईस्तोवर,
शेवाळ, पांढरे हलके खडे,
वरून कापलेली बाटली पालथी, ओल धरायला.
आता हात लावू नकोस, रोवेना म्हणाली.

हे मला कोणी शिकवलेलंच नाही.
माझा धंदा उघडण्याचा. अडलं, उघड. गॅस गेला, भर.
रात्री दोनला उठून टॉर्च मारायचो.
टेकबहादूरने एक झुरळ आणलं, कागदावर, प्रसादासारखं.
अरे, ऑपरेशन झालेल्याला मटण देतोस का?
झुरळ परत गेलं.

राहिलं पाणी.
इथलं पाणी समुद्राचं, गोडं केलेलं,
गच्चीच्या टाकीत चहाएवढं तापतं
आणि किटलीत पांढरी कड धरतं.
ती कड तिला चालत नाही.
मी खिडकीशी बसून होतो, बाटलीबंद पाण्याचा हिशेब मांडत,
आणि बाहेर, पाइपच्या तोंडाशी,
थेंब.
अकरा वर्षं मी याच थेंबांना घालवून देतोय,
उतार मोजून, भिंतीपलीकडे,
फुटपाथवर, मांजरांच्या पाठीवर.
आमच्याच हवेतून निघालेलं पाणी:
चौघांचा श्वास, दोरीवरचे बनियन, भाताची वाफ,
मीठ तेवढं मागे ठेवून आलेलं.
बादली लावली. सकाळी चार बोटं.

जुन्या सुरया एकेक करून गेल्याच.
सुरया बघू नकोस, पानं बघ, रोवेनाने लिहिलं.
पानं हिरवी होती. बाकी काही होत नव्हतं.
जूनमध्ये धूळ आली, दुपारी तीनला दिवे लावले.
हारिस अबू रजब भाडं मागायला आला आणि वाकून बघत राहिला.
हे काय खातं?
सध्या काही नाही.
मग राहू दे, म्हणाला.

जुलैत रोवेनाचा फोन लागेना.
व्हिलाचं दार दुसऱ्याच बाईने उघडलं;
तिला नाव माहीत नव्हतं,
मॅडमला सांगायचं नव्हतं.
एसी ठीक आहे ना, एवढं विचारून मी परतलो.

त्यानंतर नऊ-दहा दिवसांनी, सगळ्यात कोवळ्या पानाच्या टोकाला
तंतू लांबला, खाली वाकला, पुन्हा वर वळला,
आणि त्या वळणावर तांदळाच्या कणीएवढी फूग.
झाकण अजून मिटलेलं.
फोटो काढला. पाठवला.
एकच टिक.

बादलीवर आता चिठ्ठी आहे,
टेकबहादूरच्या अक्षरात, चिकटपट्टीने लावलेली:
या पाण्याने कोणी तोंड धुवायचं नाही.