वाकडा हात

ग्रँट रोडच्या माळ्यावर मुफद्दलभाईंनी
दोन टोनआर्म फडक्यावर ठेवले.
एक सरळ, काडीसारखा.
"आवाज यातच खरा. सांधा नाही, गळती नाही."
दुसरा वाकडा, मानेशी एक कडं,
फिरवलं की डोकं हातात.

सरळ हाताच्या चार तारा पाहिल्या,
लाल, पांढरी, निळी, हिरवी, केसाहून बारीक.
मागच्या दिवाळीत हिरवी तुटली
आणि चिमटा धरून रात्रभर मी
स्वतःच्याच बोटांना शिव्या देत बसलो होतो.

घरी कार्ट्रिज दोन.
एक माझी, स्टिरिओ, नखरेल.
दुसरी जाड सुईची, मोनो,
वेणूमावशीच्या तबकड्यांपुरती.
ती गुरुवारी खेतवाडीतून चालत येते,
पिशवीत एकच तबकडी, टॉवेलात गुंडाळलेली.
दोन्ही बाजू ऐकते,
चहा न घेता निघते.

"वाकडाच द्या."
मुफद्दलभाई हसले नाहीत. कडं पुसलं.
"वजन दर वेळी लावावं लागेल.
आणि सांध्यातून खरखर येईल, कधीमधी."

येऊ दे.
सरळ बोटानं कुठं तूप निघतं.
गुरुवारी मावशी चप्पल काढेपर्यंत
डोकं बदललेलं असेल.