नळात काही दोष नाही

सकाळच्या पहिल्याच टेबलावर वुबितने चमचा खाली ठेवला,
म्हणाली, पाण्याला लोखंडाची चव आहे.
दुसऱ्या पेल्यालाही. सातव्यालाही.
सिदामाची, लिमूची, हरारच्या उन्हात वाळलेली,
सगळी कॉफी तिच्या जिभेवर
एकच जुनं नाणं होऊन बसली होती.

आतो बेलाचेवनी लगेच मान्य केलं.
वुबितचं नाक म्हणजे या प्रयोगशाळेचं नाक.
चारशे पोत्यांतलं एक बुरसलेलं
ती दारातूनच ओळखते.
ती म्हणते म्हणजे गंज असणारच.
प्लंबरला फोन गेला.

मी मागे मोरीवर चमचे धूत होते.
तेच पाणी, त्याच नळाचं. ओंजळभर पिऊन पाहिलं.
पाण्यासारखं पाणी.

मग मी तिच्याकडे पाहिलं,
ती दाण्यांकडे पाहते तसं,
उजेडात धरून, घाई न करता.

नेटेला छातीवरून सैल सोडलेली,
सुती कापडसुद्धा टोचतंय अशी.
दहा वाजायच्या आत तीनदा लघवीला.
मग पोत्यांच्या थप्पीला टेकून
बसल्या बसल्या डोळा लागला तिचा, तोंड उघडं,
आणि जाग आल्यावर म्हणाली, उपासांचा शीण.
उपास सुटून अडीच आठवडे झाले, पोरी.

जेवायला बसलो. डबा उघडला तिने
आणि लगेच झाकण लावलं.
आंबलेल्या इंजेराचा वास,
ज्या वासात ती जन्मली, रांगली,
तो आज अंगावर धावून आला.
ओल्या तागाच्या पोत्यात मात्र,
कुणी बघत नाही असं बघून,
तिने नाक खुपसलं,
ते बराच वेळ काढलं नाही.

सध्या पागुमे चालू आहे.
आमच्या वर्षाचा तेरावा महिना, पाच दिवसांचा,
पगाराच्या हिशेबात नसलेला.
वुबितच्या कपाटाच्या दाराला आतून कॅलेंडर आहे,
महिन्याला एक बारीक पेन्सिलची फुली.
शेवटची हामलेतली.
नेहासे सगळा कोरा.
पागुमे मोजायचा असतो का गं, अस्कले?
परवा तिने विचारलं होतं, सहज, बशी पुसता पुसता.
मी म्हटलं, कशासाठी?
ती म्हणाली, काही नाही.

मोज, नाहीतर नको मोजू.
पाच धरले तरी, पाच सोडले तरी
दिवस गेलेत.

हे मी मोठ्याने म्हटलं नाही.
मी पाचदा गेलेय या वाटेने.
चौघं घरात भांडतात.
एक दुसऱ्याच महिन्यात परत फिरलं,
आणि तोवर मी सगळ्या गल्लीला सांगून बसले होते,
पाववालीलासुद्धा.
नंतर पाव आणायला दुसऱ्या गल्लीत जायचे.

गरम पाणी ओतलं की पेल्यावर कॉफीचा थर धरतो.
चार मिनिटं त्याला चमचा लावायचा नसतो.
हे मला वुबितनेच शिकवलंय.

चारला प्लंबर आला. नळ खोलला,
आलोच आहे तर म्हणून वायसर बदलला,
आणि हात पुसत म्हणाला,
नळात काही दोष नाही.
आतो बेलाचेव दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले.
वुबित हसली. हसता हसता मध्येच थांबली.
तिचे ओठ हलताना दिसले मला,
बोटांच्या पेरांवर अंगठा सरकत होता,
एकदा, मग पुन्हा पहिल्यापासून.
नवरा जिबूतीच्या रस्त्यावर, ट्रक घेऊन.
नव्या वर्षाला येईल, पिवळी फुलं फुलतील तेव्हा.
परवाच की.

तिने वर पाहिलं ते माझ्याकडे.
मी चमचे पुसत राहिले. पुसलेलेच.
मग आलं ठेचलं, साखर घातली, गरम पाणी ओतलं
आणि पेला तिच्यापुढे सरकवला.
तिने हुंगला. प्यायली. थुंकली नाही.

नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात
तिचं अक्षर नेहमीसारखंच ठाम:
आजचे सर्व नमुने पुन्हा तपासावेत.
आणि खाली, थोडं सोडून,
दुसऱ्या कुणीतरी.