हातचा

जुलै संपायला दोन दिवस. नारायण पेठेत
खांबेटे सीएंच्या जिन्यात ओल्या चपलांचा ढीग.
मी अर्धी रजा टाकून आलोय.
पूर्ण रजा मार्चमध्येच संपल्या,
मावशी न्हाणीघरात पडली तेव्हा.

पिशवीतून एकेक काढतो.
ससूनचा दाखला, लॅमिनेट केलेला
(करायचा नसतो म्हणे),
औषधांच्या पावत्या, शाई उडून
नुसता गुळगुळीत कागद राहिलेल्या,
डायपरची बिलं, आणि लोंढेबाईंची वही.
लोंढेबाई पावती देत नाहीत.
सकाळी आठ ते रात्री आठ, अठरा हजार, रोख.
दर महिन्याला सही करतात, मोठी, वळणदार,
तेवढा वेळ पदर खोचून, ताठ बसून.

खांबेटे चष्मा कपाळावर चढवतात.
“कोण लागतात तुमच्या?”
मावशी.
“सख्खी?”
आईची सख्खी बहीण. मी चार वर्षांचा होतो, आई...
“हो, हो. पण कलमात बसत नाही ना.
नवराबायको, मुलं, आईवडील, भाऊबहीण.
मावशी नाही.”
भला माणूस. चपलांच्या दुकानात सांगतात ना,
या मापात येत नाही,
तसं सांगितलं.

दत्तक म्हणून?
“कागद आहे?”

कागद नाही.
पितळेचा दोन पुडांचा डबा आहे, माळ्यावर.
दोन स्थळं तिनं परत पाठवली,
मुलगा सोडून या, म्हणाले होते म्हणून.
त्याची पोच कुणी दिली नाही.

“तसंही,” खांबेटे कीबोर्डवर बोटं ठेवत म्हणाले,
“नव्या पद्धतीत गेलात तर सख्खी आईसुद्धा बसत नाही.”
हे ऐकून मला का कोण जाणे
जरा बरं वाटलं.

खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, भिडे पूल बंद,
म्हणून झेड पुलावरून वळसा.
स्कूटरवर डोक्यात एकच शब्द: वजावट.
चाकणची बढती सोडली ती कुठल्या रकान्यात?
साडेआठपर्यंत पोचलो नाही तर
लोंढेबाईंची शेवटची बस चुकते,
हे कुठल्या कलमाखाली?
सिग्नलला मागचा हॉर्न वाजवत राहिला. हिरवा होता.

रात्री पावत्या पुन्हा मांडल्या जेवणाच्या टेबलावर.
असाच. उपयोग नाही माहीत असून.
मावशी खुर्चीतून बघत होती.
मंडईतल्या पतपेढीत एकतीस वर्षं हिशेब लिहिले तिनं.
आता मला अण्णा म्हणते, तिच्या थोरल्या भावाचं नाव,
कधी काहीच म्हणत नाही.

“अण्णा, बघू.”
पेन्सिल घेतली. हात थरथरत होता,
पण बोट खालून वर चढत गेलं
एकेका आकड्यावर टेकत, ओठ हलत,
जिना चढावा तसं.
थांबली.
“हातचा विसरलास.”

मी मोबाइलवर ताळा केला. खरंच.
शंभरानं चुकलो होतो.

“एक हातचा,” ती म्हणाली, माझ्याकडे न बघता,
“तो धरून ठेवायचा. पुढच्या घरात
पोचेपर्यंत सोडायचा नाही.”

मग पेन्सिल खाली पडली, आणि तिला
ती कशासाठी होती ते आठवेना.

बेरीज दुरुस्त केली. शंभर वाढले,
जे कुठेच दाखवायचे नाहीत.
दिवा मालवला, तिला उठवलं,
आणि हाताला धरून
आतल्या खोलीत नेलं, सावकाश,
उंबऱ्यापाशी एकदा थांबून.